जीआरओची ऑनलाइन जन्मसूची: ‘नोंदच नाही’ असं म्हणण्याआधी

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्या माणसाची नोंद शोधताना नाव लागलं नाही, की ‘तेव्हा नोंदणी सक्तीची नव्हती, केलीच नसेल’ असं म्हणून शोध थांबवला जातो. काही वेळा ते खरंही असतं. पण हरवलेल्या वाटणाऱ्या बऱ्याच नोंदी जागेवरच असतात. फक्त दुसऱ्या आडनावाखाली, शेजारच्या जिल्ह्यात किंवा पुढच्या तिमाहीत. त्या बाहेर काढायला आज हाताशी असलेलं सर्वांत चांगलं साधन म्हणजे इंग्लंड-वेल्सच्या जनरल रजिस्टर ऑफिसची, अर्थात जीआरओची, ऑनलाइन सूची. हे परीक्षण तिचं आहे. मुंबई इलाख्यात काम केलेल्या इंजिनियरांची, मिशनऱ्यांची चरित्रं लिहिणारे अभ्यासक, अँग्लो-इंडियन कुटुंबं, ब्रिटनमध्ये सोयरीक झालेली मराठी माणसं, अशा सगळ्यांना ती कधी ना कधी लागते.

आधी ही सूची वेगळी का, ते. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी जन्मनोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. तेव्हापासूनची जुनी तिमाही सूची अनेक संकेतस्थळांवर आहे; तिच्यात आडनाव, नाव, नोंदणी जिल्हा, खंड आणि पान एवढंच मिळतं. आईचं माहेरचं आडनाव त्या जुन्या सूचीत १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासून (म्हणजे जुलै ते सप्टेंबर; तिमाहीला तिच्या शेवटच्या महिन्याचं नाव असतं) पुढेच दिसतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये जीआरओने आपल्या संकेतस्थळावर जी सूची खुली केली, तिच्यात मात्र अगदी १८३७ पासून आईचं माहेरचं आडनाव आहे. ही जुन्या सूचीची नक्कल नाही. नोंदवह्यांच्या प्रतिमा समोर ठेवून ती नव्याने तयार केली आहे. म्हणून जुन्या सूचीत चुकलेलं नाव इथे बरोबर असू शकतं, आणि इथे चुकलेलं तिथे. दोन्ही पाहिल्याशिवाय ‘नाही’ म्हणायचं नाही, हा या कामातला पहिला नियम.

माहेरच्या आडनावाचं मोल आपल्याला वेगळं सांगायला नको. ‘जॉन स्मिथ’ एका तिमाहीत शेकड्याने निघतात. ‘स्मिथ, आईचं माहेर अमुक’ म्हटलं की गर्दी एकदम पांगते.

वापरायची रीत अशी. संकेतस्थळावर मोफत खातं उघडावं लागतं. शोधायला पैसे पडत नाहीत. अर्जात तीन गोष्टी भराव्याच लागतात: आडनाव, मूल मुलगा की मुलगी, आणि वर्ष. वर्षाच्या अलीकडे-पलीकडे दोन वर्षांपर्यंत मुभा घेता येते, म्हणजे एका शोधात पाच वर्षं येतात. बाकीचे रकाने ऐच्छिक आहेत आणि ते रिकामे ठेवण्यातच पहिल्या फेरीचं यश आहे. मुलाचं नाव भरू नका. जिल्हा भरू नका. फक्त आडनाव आणि आईचं माहेरचं आडनाव द्या, आणि दोन्हींसाठी सारख्या उच्चाराची नावं दाखवणारा पर्याय निवडा. जोडप्याचं लग्न १८४० मध्ये झालं असेल आणि मुलं १८५९ पर्यंत झाली असतील, तर मधलं वर्ष १८४२, १८४७, १८५२, १८५७ असं धरून दोन वर्षांची मुभा द्या, आणि प्रत्येक वर्षासाठी एकदा मुलगा, एकदा मुलगी असे आठ शोध करा. दहा मिनिटांत त्या जोडप्याच्या नोंदवलेल्या मुलांची यादी समोर येते. त्यात जनगणनेत कधीच न दिसलेली, दोन जनगणनांच्या मधल्या दहा वर्षांत जन्मून वारलेली मुलंही असतात. हवं असलेलं मूल त्या यादीत वेगळ्याच नावाने बसलेलं दिसणं फार नेहमीचं आहे. जनगणनेतली पॉली ही नोंदवहीत मेरी असते, नेली ही एलन किंवा हेलन, हॅरी हा हेन्री, फॅनी ही फ्रान्सिस, बर्टी हा आल्बर्ट किंवा हर्बर्ट. शिवाय आयुष्यभर मधल्या नावाने ओळखला गेलेला माणूस नोंदवहीत पहिल्या नावाखाली असतो.

नाव न ठेवताच नोंदवलेली मुलंही बरीच आहेत. जुन्या सूचीत ती त्या आडनावाच्या शेवटी नुसती ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ अशी येतात. जातीच्या दाखल्यासाठी ज्यांनी गावच्या कोतवाल बुकातल्या नोंदी चाळल्या आहेत, त्यांना हा प्रकार चांगला ठाऊक असेल: बापाचं नाव आहे, मूल झाल्याची तारीख आहे, मुलाचं नाव नाही. इंग्लंडच्या नोंदवहीत नोंदणीनंतर ठेवलेलं किंवा बदललेलं नाव लिहायला शेवटचा, दहावा रकाना आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी नाव बदललं, तर ते ठरावीक मुदतीत तिथे लिहून घेता येत असे. पण ते करायला पुन्हा रजिस्ट्रारकडे जाणारे थोडे.

आता दोष. आडनावाचा रकाना सक्तीचा असल्यामुळे नुसत्या माहेरच्या आडनावावरून शोध घेता येत नाही. मुलाचंच आडनाव चुकीचं वाचलं गेलं असेल, तर माहेरचं आडनाव अचूक माहीत असूनही हात बांधलेले राहतात. अक्षरांच्या जागी चिन्ह टाकून शोधायची सोय नाही. मुलगा-मुलगी सक्तीचं असल्यामुळे नोंद करणाऱ्याने तिथे चूक केली असेल तर मूल गायब; म्हणून मिळालं नाही की दुसरं लिंग निवडून पुन्हा शोधायचंच. फ्रान्सिस हे नाव स्पेलिंगातल्या एका अक्षराने मुलाचं की मुलीचं ते ठरतं, तिथे ही खबरदारी हटकून लागते. एका शोधात जास्तीत जास्त २५० नोंदी दिसतात, त्यामुळे सामान्य आडनावाला वर्षाची मुभा कमी करावी लागते. या सगळ्यात सक्तीचं आडनाव ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते. बाकीच्यांना वळसा घालता येतो, हिला नाही.

आडनाव नेमकं कसं बिघडतं, हे समजून घेतलं तर वळसा काही प्रमाणात इथेही घालता येतो. बिघाड तीन ठिकाणी होतो. पहिला कानाचा: सांगणारी बाई निरक्षर, रजिस्ट्रार दुसऱ्या भागातला, तो ऐकेल तसं लिहितो. ‘ह’ न उच्चारणाऱ्या भागात हॅरिसचं ॲरिस होतं, आणि उलट एलिसला नसलेला ‘ह’ चिकटतो. म्हणून ‘एच’ लावून आणि काढून, दोन्हींनी शोधावं. दुसरा बिघाड नकलेचा: स्थानिक रजिस्ट्रार दर तिमाहीला आपल्या नोंदींची नक्कल करून वरच्या अधिकाऱ्यामार्फत लंडनला पाठवत असे, आणि जीआरओकडे आहे ती ही नक्कल. तिसरा वाचनाचा: वळणदार अक्षरातला ‘एल’ आणि ‘एस’, ‘टी’ आणि ‘एफ’, ‘एच’ आणि ‘के’, शब्दाच्या मधले ‘एन’ आणि ‘यू’ एकमेकांच्या जागी जातात. मोडी वाचणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. शोधाआधी कागदावर आडनाव वळणदार रोमन अक्षरात लिहून पाहावं आणि पहिलं अक्षर कशाकशासारखं दिसतं त्याची यादी करावी. सारख्या उच्चाराचा पर्याय पहिल्या दोन प्रकारच्या चुका बऱ्याच पकडतो. तिसरा प्रकार, विशेषतः पहिलंच अक्षर बदललेलं असेल तर, त्याच्या हाती लागत नाही. तो एकेक अक्षर बदलून हातानेच शोधावा लागतो.

सूचीत आईच्या आडनावाच्या जागी नुसती आडवी रेघ दिसली, तर बहुधा ते मूल लग्नाबाहेरचं आहे आणि आईच्याच आडनावाखाली नोंदवलेलं आहे. हरवलेल्या पहिल्या मुलाचं उत्तर पुष्कळदा इथे असतं. आईवडिलांचं लग्न १८५६ मधलं आणि थोरला मुलगा १८५५ चा, असं असेल तर वडिलांचं आडनाव विसरा. आईचं माहेरचं आडनाव मुलाच्या आडनावाच्या रकान्यात टाका, माहेरचा रकाना मोकळा ठेवा आणि निकालात रेघ असलेल्या नोंदी बघा. त्या मुलाने पुढे जन्मभर सावत्र किंवा सख्ख्या बापाचं आडनाव लावलं असलं, तरी नोंद बदलत नसे. १८७५ पासून लग्नाबाहेरच्या मुलाच्या नोंदीत बापाचं नाव घालायला त्याने स्वतः आईबरोबर हजर राहून सही करणं आवश्यक झालं. आई विधवा असून पुन्हा लग्न केलेली असेल, तर दाखल्यात तिचं आधीच्या नवऱ्याचं आणि माहेरचं अशी दोन्ही आडनावं येतात; सूचीत त्यातलं कोणतं उचललं गेलं असेल याचा भरवसा नाही, दोन्ही तपासावीत.

तारखेचा घोळ मुळात कायद्यातून येतो. सूची जन्माच्या तारखेवर नाही, नोंदणीच्या तारखेवर लावलेली आहे. नोंदणीला ४२ दिवसांची मुदत होती. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं, इतकंच काय २५ नोव्हेंबरला जन्मलेलं मूलसुद्धा पुढच्या वर्षाच्या मार्च तिमाहीत असू शकतं. ४२ दिवसांनंतर सहा महिन्यांपर्यंत जादा फी भरून, वरिष्ठ अधिकाऱ्यासमोर नोंद करता येई. सहा महिने उलटले की १८७५ पूर्वी नोंद होतच नसे. फी वाचवायला पालक जन्मतारीख पुढे सरकवून सांगत. दाखल्यावरच्या जन्मतारखेच्या आधीच बाप्तिस्मा झालेला दिसला, तर दुसरं मूल समजू नका; तारीख सरकवलेली असण्याची शक्यता आधी धरा.

१८७५ पूर्वी मूल शोधून नोंदवायची जबाबदारी मुख्यतः रजिस्ट्रारवर होती. त्याला वर्षातल्या पहिल्या २० नोंदींना अडीच शिलिंग आणि पुढच्या प्रत्येकीला एक शिलिंग मिळे, त्यामुळे तो फिरत असे. पण सतत घर बदलणारी मजूर कुटुंबं, खाणींच्या आणि गिरण्यांच्या वस्त्या त्याच्या हातून सुटत. बाप्तिस्मा झाला म्हणजे नोंद झाली, असाही समज होता. १८५३ च्या कायद्याने देवीची लस सक्तीची केली आणि लशीची सूचना रजिस्ट्रारमार्फत मिळू लागली, तेव्हा लस टाळू पाहणाऱ्या पालकांना नोंदणी टाळायला आणखी एक कारण मिळालं. १८७४ च्या कायद्याने जबाबदारी पालकांवर आली, न केल्यास ४० शिलिंगांपर्यंत दंड, आणि अंमल १ जानेवारी १८७५ पासून. म्हणून १८७५ नंतरची नोंद ‘नाही’ असं म्हणताना फार सावध राहावं, आणि १८३७ ते १८५० मधली नोंद खरोखरच नसू शकते हे मान्य करावं. मृत जन्मलेल्या मुलांची नोंदणी तर १ जुलै १९२७ ला सुरू झाली. एकोणिसाव्या शतकात ती शोधण्यात अर्थ नाही.

जनगणनेतलं वय हा दुसरा फसवा आधार. ७ एप्रिल १८६१ च्या जनगणनेत मँचेस्टरजवळच्या ह्यूममध्ये जन्मलेली ९ वर्षांची मुलगी दिसली, तर तिचा जन्म ८ एप्रिल १८५१ ते ७ एप्रिल १८५२ मधला. नोंदणीचा उशीर धरून १८५१ च्या जून तिमाहीपासून १८५२ च्या जून तिमाहीपर्यंत पाच तिमाह्या बघायच्या, आणि जनगणनेतलं वय एक-दोन वर्षांनी चुकतंच असं धरून पुढे-मागे सरकायचं. १८४१ च्या जनगणनेत तर १५ वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणायची सूचना होती. तिथे २० लिहिलं असेल तर माणूस २० ते २४ मधला.

ह्यूमचंच उदाहरण ठिकाणासाठीही घ्या. ह्यूम नावाचा नोंदणी जिल्हा शोधाल तर सापडणार नाही. ते त्या काळी चोर्ल्टन जिल्ह्यात होतं. लिव्हरपूलच्या एव्हर्टनमधलं मूल वेस्ट डर्बी जिल्ह्यात मिळतं, आणि नाव वाचून लोक ते डर्बीशायर समजून सोडून देतात. हे जिल्हे गरीब-कायद्याच्या युनियनांवर, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठी एकत्र केलेल्या गावांच्या गटांवर, बेतलेले होते; परगण्यांच्या सीमा त्यांनी पाळल्या नाहीत. कोणतं गाव कधी कोणत्या नोंदणी जिल्ह्यात होतं याची यादी यूकेबीएमडी या ब्रिटनमधल्या जन्म-लग्न-मृत्यू नोंदींचे दुवे देणाऱ्या संकेतस्थळावर आहे. ती उघडी ठेवूनच काम करावं. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जायची, हे इंग्लंडमध्येही होतं. थोरलं मूल सापडत नसेल तर आजोळच्या जिल्ह्यात बघा. खंडाचा क्रमांक हा चांगला पुरावा आहे: १८५१ अखेरपर्यंत तो रोमन आकड्यात असतो, १८५२ पासून आकडा आणि अक्षर, जसं लँकेशायरसाठी ८ आणि पुढे अक्षर. वर्ष आणि खंडाची पद्धत जुळत नसेल तर उतरवताना चूक झालेली आहे.

जीआरओच्या सूचीची जोड म्हणून फ्री बीएमडी अनिवार्य आहे. १९९८ पासून स्वयंसेवकांनी जुनी तिमाही सूची उतरवून तयार केलेलं हे मोफत साधन आहे. जीआरओत नसलेल्या सोयी इथे आहेत: आडनावात अक्षरांच्या जागी तारा (*) टाकता येतो, अनेक जिल्हे एकदम निवडता येतात, लिंग द्यावं लागत नाही, आडनाव रिकामं ठेवून दुर्मीळ नाव आणि जिल्हा यांवर शोधता येतं, आणि मूळ पानाची प्रतिमा पाहून स्वतः वाचता येतं. १९११ च्या सप्टेंबर तिमाहीआधी आईचं आडनाव नाही, ही त्याची मर्यादा. माझा क्रम असा: आधी जीआरओवर माहेरच्या आडनावाने संपूर्ण भावंडं काढायची, जी जागा रिकामी राहील तेवढ्यापुरतं फ्री बीएमडीवर तारा टाकून आडनाव ढिलं करायचं, आणि संशयित नोंद मिळाली की तिचं वर्ष, तिमाही, जिल्हा घेऊन जीआरओवर परत यायचं व आईचं नाव जुळतं का ते बघायचं. या फेऱ्यांत पैसा खर्च होत नाही.

तरीही नसेल तर स्थानिक सूची. लँकेशायर, चेशायर, यॉर्कशायर, स्टॅफर्डशायर अशा काही परगण्यांत स्थानिक कार्यालयांतल्या मूळ नोंदवह्यांवरून सूची केल्या आहेत. त्यांचे दुवे यूकेबीएमडीवर मिळतात. लंडनला नक्कल पाठवताना गळलेली नोंद इथेच सापडू शकते. मात्र तिथला क्रमांक जीआरओला चालत नाही आणि जीआरओचा खंड-पान स्थानिक कार्यालयाला. नोंद ज्या सूचीत मिळाली त्याच कार्यालयातून दाखला मागवायचा. आणखी एक फरक: माहिती देणाऱ्याची खरी सही किंवा अंगठ्याऐवजी काढलेली फुली फक्त स्थानिक मूळ वहीत असते.

किमती २०२४ च्या दरांनुसार: जीआरओकडून डिजिटल प्रतिमा ३ पाउंड, पीडीएफ ८ पाउंड, टपालाने येणारा अधिकृत दाखला १२.५० पाउंड. एकोणिसाव्या शतकातल्या जन्मासाठी डिजिटल प्रतिमा घ्यावी. ती लगेच पडद्यावर उघडते आणि नोंद तीच असते. पीडीएफसाठी जास्त पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. प्रतिमा आणि पीडीएफ दोन्हींना कायदेशीर पुरावा म्हणून किंमत नाही. व्हिसा, नागरिकत्व, वारसा अशा कामाला छापील दाखलाच लागतो. भारतातून पैसे भरताना कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करून घ्या. प्रतिमा आली की जन्माच्या रकान्यात तारखेबरोबर वेळ लिहिली आहे का ते पाहा. इंग्लंडमध्ये वेळ बहुधा जुळ्यांनाच लिहीत, तेव्हा त्याच पानावर दुसरं मूल शोधा.

माणूस इंग्लंडमधला असूनही जन्म भारतातला असेल, तर या सूचीत तो मिळणारच नाही. जनगणनेत जन्मस्थळ ‘ईस्ट इंडीज’, ‘बॉम्बे’ किंवा ‘पूना’ दिसलं तर जीआरओ बंद करा. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नकला लंडनला जात; त्या आता ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात एन/३ या क्रमांकाखाली आहेत. बंगालसाठी एन/१, मद्राससाठी एन/२. पुणे, खडकी, कुलाबा इथल्या लष्करी कुटुंबांची मुलं तिथे सापडतात. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी या संस्थेचा शोध मोफत आहे, सुरुवात तिथून करावी. सैनिकाचं मूल जीआरओच्याच रेजिमेंटच्या नोंदींतही असू शकतं, पण त्यांची सूची वेगळी आहे.

सगळं करूनही नोंद मिळाली नाही, तर जन्म दुसऱ्या कागदांनी उभा करावा लागतो. बाप्तिस्म्याच्या वहीत काही पाद्री जन्मतारीखही लिहीत. आईवडिलांचा पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग) आणि शेजारचे पॅरिश, दोन्हींत पाहा, आणि पाच-सात वर्षांनी सगळ्या भावंडांचा एकाच दिवशी बाप्तिस्मा झालेला असू शकतो हे लक्षात ठेवा. शाळेच्या दाखल रजिस्टरात जन्मतारीख असते. १९११ च्या जनगणनेत विवाहित बाईला तेव्हाच्या लग्नातून किती मुलं जिवंत जन्मली, किती हयात आहेत आणि किती वारली, हे आकडे लिहिले आहेत. जीआरओवरून काढलेल्या यादीतली मुलं मोजून त्या आकड्याशी ताडून बघा. यादीत सात आणि बाईने सांगितलेली आठ असतील, तर आठव्यासाठी कोणत्या दोन भावंडांच्या मध्ये तीन वर्षांहून मोठं अंतर आहे ते आधी काढा, आणि शोध त्या तिमाह्यांपासून पुन्हा सुरू करा.